राणीचा गडी आणि आमची चौकट

(पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा.)

परवा रात्री 'मिसेस ब्राऊन' पुन्हा पाहिला. १९९७ चा सिनेमा. ज्युडी डेंच व्हिक्टोरिया राणी झालीय आणि बिली कॉनली जॉन ब्राऊन. नवरा गेल्यावर स्वतःला कोंडून घेतलेली राणी आणि तिच्या तट्टाचा लगाम धरणारा स्कॉटलंडचा गडी, एवढीच गोष्ट. मोठी लढाई नाही, गाणी नाहीत. तरी शेवटपर्यंत उठवत नाही.

सकाळी टपरीवर चहा घेताना मित्रांना गोष्ट सांगितली. पहिला प्रश्न आला, "ते ठीक आहे, पण दोघांचं होतं का काही?"

१८६६ साली लंडनमधले लोक हेच विचारत होते. दीडशेहून जास्त वर्षं झाली, प्रश्न तोच आहे. मला त्याचा राग येत नाही. कारण हाच प्रश्न मीही एकदा छापलाय. लंडनमध्ये नाही, आपल्याच तालुक्यात. ते शेवटी सांगतो. आधी राणीचं.

१४ डिसेंबर १८६१. विंडसरच्या किल्ल्यात राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट वारला. डॉक्टरांनी टायफॉइड सांगितला. नवरा-बायको दोघंही बेचाळीस वर्षांची, पदरात नऊ मुलं. अल्बर्ट म्हणजे राणीचा अर्धा कारभारच होता. तिच्या पत्रांचे मसुदे तो करायचा, मंत्र्यांना काय कळवायचं हे तो ठरवायचा. तो गेला आणि बाईच्या पायाखालची जमीन सरकली. तिने काळे कपडे घातले ते पुढची चाळीस वर्षं, मरेपर्यंत. अल्बर्टच्या खोलीत रोज गरम पाणी जायचं, त्याचे कपडे काढून ठेवले जायचे, जणू माणूस आता आंघोळ करून येणार आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. राणीने काम सोडलं नव्हतं. सरकारी कागदांच्या पेट्या तिच्याकडे जात होत्या, ती वाचत होती, पत्रं लिहीत होती. तिने सोडलं होतं ते लोकांसमोर येणं. संसदेचं अधिवेशन उघडायला जाईना, लंडनमध्ये राहीना. कधी स्कॉटलंडात बाल्मोरलला, कधी आइल ऑफ वाइट बेटावर ओसबॉर्नला. १८६४ साली बकिंगहॅम राजवाड्याच्या कुंपणाला कुणीतरी पाटीच लावली. आधीच्या मालकाचा धंदा बसल्यामुळे ही मोक्याची जागा भाड्याने किंवा विकत देणे आहे, अशा अर्थाची.

ही थट्टा वरवर चावट वाटते, पण तिच्यात एक रास्त प्रश्न आहे. राणीला वर्षाला ३ लाख ८५ हजार पौंड सरकारी तनखा मिळत होता. तो संसदेने मंजूर केलेला, म्हणजे लोकांचा पैसा. हा पैसा घेऊन राणी पदाचं काम करते का? करत नसेल तर तिला विचारायचं कुणी? आणि ती आली नाही तरी राज्य चालतंच, तर मग तिची गरज काय? हा साधा, सभ्य, नागरिकाचा प्रश्न होता. आपल्याकडच्या कुठल्याही ग्रामसभेत विचारता येईल असा.

त्या प्रश्नाचं पुढे काय झालं, तीच माझ्या मते जॉन ब्राऊनची खरी गोष्ट आहे.

ब्राऊनचा जन्म १८२६ चा, बाल्मोरलजवळच्या क्रेथी गावाकडचा. शेतकऱ्याचं पोर. बाल्मोरलला 'गिली' होता. गिली म्हणजे साहेबलोक शिकारीला किंवा मासे धरायला डोंगरात निघाले की सोबत जाणारा, वाट दाखवणारा, तट्टू सांभाळणारा गडी. अल्बर्टचा तो आवडता होता. १८६४ च्या डिसेंबरात त्याला ओसबॉर्नला बोलावून घेतलं. राणीला घोड्यावर फिरवलं तर जरा बरं वाटेल, ओळखीचा माणूस लगामाला असेल तर ती बाहेर पडेल, असा घरच्यांचा आणि डॉक्टरांचा हिशोब. पुढचा फेब्रुवारी उजाडेपर्यंत राणीने ठरवून टाकलं की हा माणूस आता कायम आपल्याजवळ राहील. 'राणीचा हायलंडचा सेवक' असा खास हुद्दा तयार झाला. पगार सुरुवातीला वर्षाला १२० पौंड.

सिनेमात हा भाग फार छान घेतलाय. ब्राऊन रोज तट्टू घेऊन अंगणात उभा राहतो. कुणी सांगितलेलं नसतं. राणी खिडकीतून पाहते, चिडते, हा उद्धट माणूस इथे का उभा आहे म्हणून निरोप पाठवते. तो हलत नाही. शेवटी ती खाली उतरते. ज्या घरात प्रत्येक जण वाकून, उलट्या पावली मागे सरकत बोलतो, तिथे हा एकटा तिच्याशी माणसासारखा बोलतो. राणीला तो 'बाई' म्हणून हाक मारायचा ही काही सिनेमावाल्यांनी रचलेली गोष्ट नाही. दरबारातल्या लोकांनी तशी नोंद करून ठेवली आहे, अर्थात कपाळाला आठ्या घालून.

मग वर्तमानपत्रं जागी झाली.

जुलै १८६६ मध्ये 'पंच' या व्यंग्य साप्ताहिकाने एक चौकट छापली. राजघराण्याच्या दिनक्रमाचं रोज एक गंभीर पत्रक निघायचं, त्याची नक्कल. आज ब्राऊनसाहेब टेकडीवर फिरले, मग त्यांनी जेवण घेतलं, संध्याकाळी बॅगपाइप ऐकण्याची कृपा केली, लवकर झोपले. बस, एवढंच. राणीचा उल्लेखसुद्धा नाही. पण जे म्हणायचं ते म्हणून झालं. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या एका पत्राने पुढचं पाऊल टाकलं. राणीने गड्याशी गुपचूप लग्न केलं आहे आणि ती गरोदर आहे, असं छापून मोकळं. ब्रिटिश वकिलाने तिथल्या सरकारकडे तक्रार केली, आणि तक्रारीमुळे बातमी आणखी पसरली. लोक राणीला 'मिसेस ब्राऊन' म्हणायला लागले.

१८६७ साली लँडसिअर या नामवंत चित्रकाराचं चित्र लंडनच्या प्रदर्शनात लागलं. काळ्या घोड्यावर काळ्या कपड्यातली राणी, हातात पत्र, जमिनीवर आणखी कागद आणि सरकारी पेटी, मागे बाकावर मुली. ब्राऊनने लगाम धरलाय. ते चित्र राणीने हौसेने काढून घेतलं होतं. दुःखात असले तरी मी काम करते आहे, हे त्यातून लोकांना दिसेल अशी तिची कल्पना. लोकांना पेटी दिसली नाही, कागद दिसले नाहीत. दिसला फक्त ब्राऊन.

त्याच वर्षी 'टॉमहॉक' नावाच्या पत्राने दोन व्यंग्यचित्रं छापली. पहिल्यात रिकामं सिंहासन. सवाल उघड होता, बाई कुठे आहेत? काही आठवड्यांनी आलेल्या दुसऱ्या चित्रात त्याच सिंहासनाला टेकून ब्राऊन उभा आहे.

पत्रकार म्हणून मला या दोन चित्रांमधलं अंतर फार महत्त्वाचं वाटतं. पहिलं चित्र सत्तेला प्रश्न विचारतं. दुसरं गड्याला. आणि दुसरं जास्त गाजलं.

पंतप्रधान लॉर्ड डर्बींनाही तेवढंच दिसत होतं. १८६७ च्या जुलैत हाइड पार्कात लष्कराची मोठी पाहणी होती. राणी जाणार म्हणजे बग्गीवर ब्राऊन बसणार. लोक हुर्यो करतील अशी मंत्र्यांना धास्ती. ब्राऊनला आणू नका असं सुचवून पाहिलं. राणी भडकली. माझ्या गाडीवर कोण बसणार हे मंत्री ठरवणार का? पेच वाढत चालला होता, तेवढ्यात मेक्सिकोचा बादशहा मॅक्सिमिलियन याला गोळ्या घातल्याची बातमी आली. नात्यातला राजा मारला गेला म्हणून सुतक पाळायचं ठरलं आणि पाहणीच रद्द. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला असणार.

जरा विचार करा. जगातलं सगळ्यात मोठं साम्राज्य, त्याचं मंत्रिमंडळ, आणि चर्चा कशाची, तर बग्गीच्या मागच्या बाकावर कोण बसणार.

आता ब्राऊन काही संत नव्हता. दारू पुष्कळ प्यायचा. बोलायला फटकळ. राजपुत्रांशी, दरबाऱ्यांशी खटके उडायचे. आपल्या भावांना त्याने राजवाड्यात चिकटवून घेतलं. त्याची वर्दी लागल्याशिवाय बाल्मोरलचं पान हलेना. मोठ्या घराण्यातल्या लोकांना एका गड्याकडून निरोप घ्यावा लागायचा, तोही रोखठोक भाषेत. राणीने १८७२ साली त्याचा पगार ४०० पौंड केला आणि नावापुढे 'एस्क्वायर' लावायचा मान दिला. तालुक्यात राहणाऱ्या कुणालाही हे चित्र नवं नाही. साहेबांना भेटायचं तर आधी साहेबांच्या माणसाला भेटावं लागतं. पीएला, नाहीतर गाडीवरच्या ड्रायव्हरला. बाहेर आपण त्याला शिव्या घालतो आणि समोर आला की "काय भाऊ, बरं चाललंय ना?" म्हणत त्याचा चहा सांगतो.

लंडनमध्येही हेच होतं. जे दरबारी पाठीमागे नाकं मुरडायचे, तेच अडलेला कागद पुढे सरकवायला ब्राऊनचा मूड बघायचे. राणीला स्पष्ट बोलायची त्यांची छाती नव्हती. सिनेमात डिझरायली बाल्मोरलला येतो आणि ब्राऊनलाच गळ घालतो, की तू सांग तिला लंडनला परत यायला, तुझंच ऐकेल. सिनेमाने इतिहास बराच दाबून बसवलाय हे खरं. सिनेमात पहिल्यापासून दिसणारा खासगी सचिव हेन्री पॉन्सनबी प्रत्यक्षात त्या पदावर १८७० साली आला, त्याच्याआधी जनरल ग्रे होते. पण मर्म बरोबर पकडलंय. जे काम पंतप्रधानाचं आहे ते गड्याकडून करून घ्यायचं, आणि बोलणीही गड्यानेच खायची.

आणि त्या रास्त प्रश्नाचं काय झालं? तो मेला नव्हता. १८६६ साली राणीने पाच वर्षांनी पहिल्यांदा संसदेचं अधिवेशन उघडलं. भाषण स्वतः वाचलं नाही, दुसऱ्याने वाचलं. त्या वर्षी मुलगी हेलेनाच्या लग्नाला आणि मुलगा आल्फ्रेडच्या नेमणुकीला संसदेकडून पैसे हवे होते. १८७१ साली परत आली, तेव्हा लुईसचं लग्न आणि आर्थरचा तनखा होता. लोकांना हिशोब कळत होता. १८७० साली शेजारी फ्रान्समध्ये बादशाही जाऊन प्रजासत्ताक आलं. इंग्लंडमध्येही गावोगाव प्रजासत्ताकवादी मंडळं निघाली. राणी या पैशाचं करते काय, असं विचारणारी पुस्तिका निघाली. नोव्हेंबर १८७१ मध्ये चार्ल्स डिल्क या खासदाराने न्यूकॅसलच्या सभेत राजघराण्याच्या खर्चाचा जाहीर हिशोब मांडला.

नेमका तेव्हाच युवराज टायफॉइडने अंथरुणाला खिळला. अल्बर्टच्या मृत्यूला बरोबर दहा वर्षं होत होती, दुखणं तेच, आणि डॉक्टरांनी आशा सोडलेली. सगळा देश त्याच्या तब्येतीच्या पत्रकांकडे डोळे लावून बसला. युवराज वाचला. २७ फेब्रुवारी १८७२ ला सेंट पॉल्सच्या चर्चमध्ये देवाचे आभार मानायचा मोठा सोहळा झाला, रस्ते माणसांनी फुलले. दोनच दिवसांनी, २९ फेब्रुवारीला, आर्थर ओकॉनर नावाचा सतरा वर्षांचा पोरगा बकिंगहॅम राजवाड्यापाशी पिस्तूल घेऊन राणीच्या बग्गीवर धावून गेला. त्याला आयरिश कैद्यांची सुटका हवी होती. पिस्तुलात गोळीही नव्हती. पण ते नंतर कळलं. त्या क्षणी त्याला धरलं ते ब्राऊनने.

राणीने ब्राऊनला सोन्याचं पदक दिलं, वर्षाला २५ पौंड वेगळे बांधून दिले. सहानुभूतीची अशी लाट आली की डिल्कचा हिशोब त्यात वाहून गेला. ३ लाख ८५ हजारांचा प्रश्न तिथेच थांबला. ज्या गड्यावरून राजघराण्याची एवढी बदनामी झाली, त्यानेच शेवटी ते वाचवायला हात लावला.

मार्च १८८३ मध्ये ब्राऊन विसर्पाच्या तापाने गेला. छप्पन्न वर्षांचा. राणी पुन्हा कोसळली. बाल्मोरलला तिने त्याचा पुतळा उभारला. १८८४ साली स्वतःच्या आठवणींचं दुसरं पुस्तक काढलं, त्याच्या अर्पणपत्रिकेत ब्राऊनचं नाव घातलं. मग त्याचं चरित्रही लिहायला घेतलं. आता मात्र दरबार हादरला. विंडसरच्या चर्चचे प्रमुख रँडल डेव्हिडसन यांनी असं काही छापू नका म्हणून विनवलं, राजीनाम्यापर्यंत गोष्ट नेली. राणी चिडली, काही दिवस बोलली नाही, पण पुस्तक बासनात गेलं. ब्राऊनच्या डायऱ्या पॉन्सनबीने नष्ट केल्या असं सांगतात. सिनेमाही शेवटी या डायरीपाशीच येऊन थांबतो.

२२ जानेवारी १९०१ ला राणी गेली आणि गादीवर आलेल्या सातव्या एडवर्डने झाडलोट काढली. ब्राऊनचे अर्धपुतळे फोडले, फोटो जाळले. बाल्मोरलचा पुतळा उचलून झाडीआड टेकडीवर नेऊन ठेवला. राणीने बाल्मोरलच्या कारभाऱ्याला ब्राऊनबद्दल लिहिलेली तीनशेवर पत्रं पुढे कारभाऱ्याच्या घरी निघाली. राजाने डॉक्टर जेम्स रीड यांना मध्ये घालून ती मिळवली. ती पत्रं पुन्हा कुणाच्या नजरेस पडली नाहीत. धाकटी मुलगी बिअॅट्रिस पुढची कित्येक वर्षं आईच्या रोजनिशीची नक्कल करत बसली. खटकेल ते गाळायचं, बाकी उतरवून घ्यायचं, मूळ वही आगीत. अशा १११ वह्या झाल्या. आज आपण व्हिक्टोरियाची रोजनिशी म्हणून जी वाचतो, तिचा बराच मोठा भाग हा मुलीने चाळून दिलेला आहे.

तरी एक धागा राहिलाच. राणीने अंत्यविधीच्या गुप्त सूचना लिहून ठेवल्या होत्या, त्या अमलात आणल्या याच डॉक्टर रीडनी. शवपेटीत अल्बर्टचा झगा ठेवला, त्याच्या हाताचा साचा ठेवला. आणि राणीच्या डाव्या हातात ब्राऊनचा फोटो आणि केसांची बट. घरच्यांना दिसू नये म्हणून वर फुलं पसरली. रीडनी हे वहीत टिपून ठेवलं, आणि त्यांच्या नातसुनेने १९८७ साली त्या कागदांवर पुस्तक लिहिलं तेव्हा जगाला कळलं. राजाने एवढी जाळपोळ केली, पण डॉक्टरची वही राहून गेली.

हा प्रकार एकदाच घडला असता तर घरगुती भानगड म्हणून सोडून देता आला असता. पण तो दोनदा घडला, आणि दुसऱ्यांदा आपल्याकडच्या माणसाबाबत.

१८८७ साली राज्याच्या पन्नास वर्षांच्या सोहळ्यासाठी आग्र्याच्या तुरुंगातला चोवीस वर्षांचा कारकून अब्दुल करीम राणीच्या पंगतीला वाढायला म्हणून इंग्लंडला गेला. थोड्याच दिवसांत तो तिला हिंदुस्थानी शिकवायला लागला. वाढप्याचा मुन्शी झाला, आग्र्याला जमीन मिळाली, किताब मिळाले. २०१७ च्या 'व्हिक्टोरिया अँड अब्दुल' मध्ये पुन्हा ज्युडी डेंचच राणी आहे, करीम झालाय अली फजल. ब्राऊनला नाकं मुरडणाऱ्यांना आता गड्याच्या जोडीला काळा रंगही मिळाला. त्याच्या बापाची चौकशी करायला माणूस आग्र्याला पाठवला. करीम बापाला बडा सर्जन म्हणायचा, तो निघाला तुरुंगाच्या दवाखान्यातला मदतनीस. १८९७ मध्ये करीम फ्रान्सच्या दौऱ्यावर सोबत येणार असेल तर आम्ही राजीनामे देतो, इथपर्यंत दरबारी गेले. राणी गेल्यावर काही दिवसांतच त्याच्या घरी माणसं आली, तिची पत्रं काढून घेतली, तिथेच जाळली, आणि त्याला हिंदुस्थानात परत पाठवलं. १९०९ साली तो आग्र्याला वारला.

इथेही काही कागद आगीतून वाचले. राणीने हिंदुस्थानी शिकताना भरलेल्या तेरा वह्या विंडसरमध्ये तशाच होत्या. त्यातली उर्दू इंग्रज चरित्रकारांना वाचता येत नव्हती. श्राबणी बसू या पत्रकार बाईंनी त्या वह्या वाचून घेतल्या आणि २०१० साली पुस्तक काढलं, तेव्हा करीम पुन्हा माणसात आला. त्यानंतर त्याची स्वतःची रोजनिशीही कराचीत त्याच्या नातेवाइकांकडे मिळाली.

आता थोडं आपल्याकडे या, कारण या राणीच्या नावाने इथेही राज्य चालत होतं. १८७६ साली डिझरायलीने कायदा करून तिला हिंदुस्थानची सम्राज्ञी केलं. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत दरबार भरला. तेव्हा सोलापूर, नगर, पुणे, सातारा या भागात भयंकर दुष्काळ होता. माणसं आणि जनावरं मरत होती. त्या दरबाराला पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, जाडीभरडी खादी घालून गेले. आणि त्याच महिन्यांत सार्वजनिक सभेची माणसं दुष्काळी तालुक्यांतून माहिती गोळा करत होती. पीक किती आलं, लोक गाव सोडून कुठे गेले, कामावर मजुरी काय मिळते. ते अहवाल सभा सरकारला पाठवत होती. राणी कुणाबरोबर फिरायला जाते याची त्यांना गरज नव्हती. तिच्या सरकारने धान्य किती दिलं, एवढंच ते विचारत होते. मी त्याला आपल्या मुलखातली पहिल्या दर्जाची बातमीदारी म्हणतो, आणि ती करणारे पत्रकारही नव्हते.

आता माझं.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. पत्रकारितेचा डिप्लोमा करून एका साप्ताहिकात लागलो होतो. साप्ताहिक आता बंद आहे, गावाचं नाव सांगत नाही. नगराध्यक्षपद महिलेसाठी राखीव निघालं होतं आणि निवडून आल्या त्या बाई विधवा होत्या. नवरा नगरसेवक होता, अचानक गेला. त्याच्या जीपवरचा ड्रायव्हर बाईंकडेच राहिला. तो त्यांना वहिनी म्हणायचा. केबिनबाहेर फायलींची पिशवी घेऊन उभा असायचा, कुणाला आत सोडायचं, कुणाला उद्या बोलवायचं ते बघायचा. ठेकेदार त्याच्यावर खार खाऊन होते.

त्याच सुमारास पाणीयोजनेची पाइपलाइन गाजत होती. चर खणून ठेवले होते, पाइप अर्ध्यातच होते, आणि बिल निघाल्याची कुणकुण होती. पालिकेतल्या एका निवृत्त कारकुनाने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पोरा, बाकी सोड. कामाची एमबी बघ." एमबी म्हणजे मोजमाप पुस्तक. किती मीटर काम झालं ते त्यात लिहिलेलं असतं आणि त्यावर बिल निघतं.

एमबी बघायची तर अर्ज करायला हवा होता, खेटे घालायला हवे होते, जागेवर टेप लावून मोजायला हवं होतं. अंक शुक्रवारी निघायचा. मी गुरुवारी रात्री शेवटच्या पानावर एक चौकट लिहिली. नाव कुणाचंच नाही. 'हल्ली पालिकेचं स्टिअरिंग नेमकं कुणाच्या हातात आहे?' एवढ्याच आशयाच्या सहा-सात ओळी. लिहायला दहा मिनिटंही लागली नाहीत. संपादक हसून हसून बेजार. शनिवारी टपऱ्यांवर त्या चौकटीच्या झेरॉक्स फिरत होत्या. मला पहिल्यांदाच लोक नावाने ओळखायला लागले.

पुढच्या आठवड्यात ड्रायव्हर दिसेनासा झाला. बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर त्यांचे दीर येऊन बसायला लागले. गावाला बरं वाटलं, घरचा माणूस आला. त्या दिरांची ठेकेदाराबरोबरची ऊठबस सगळ्या गावाला माहीत होती, मलाही होती. उरलेली मुदत दिरांनीच कारभार केला. बाई सही करायच्या. पाइपलाइनची बातमी मी नंतर केली नाही. त्या भागात उन्हाळ्यात अजून टँकर जातो.

मध्यंतरी तो ड्रायव्हर एसटी स्टँडवर भेटला. शाळेची व्हॅन चालवतो. त्यानेच ओळखलं. "काय पत्रकार, बरं आहे ना?" म्हणाला. मला काही सुचेना. वहिनी कशा आहेत विचारायचं होतं, तेही तोंडातून बाहेर पडलं नाही. त्यानेच चहाचे पैसे दिले.

'पंच'च्या त्या चौकटीबद्दल वाचलं तेव्हा मला आधी माझी चौकट आठवली. तिच्यातही खोटं असं काही नव्हतं, माझ्यातही नव्हतं. ब्राऊन टेकडीवर फिरत असणारच. ड्रायव्हरच्या हातात स्टिअरिंग असणारच. पण त्या दहा मिनिटांत मी काय केलं ते आता कळतं. ज्याला मी सहज दुखवू शकत होतो त्याला दुखवलं, आणि ज्याला विचारायला हवं होतं त्याची वाट मोकळी करून दिली. आज तर काम आणखी सोपं झालंय. चौकटीला शुक्रवारची वाट बघावी लागत नाही. कुठल्या तरी मॅडमचा आणि त्यांच्या कुणा माणसाचा फोटो, वर दोन ओळी, की दुपारपर्यंत सगळ्या ग्रुपवर.

असा फोटो तुमच्याकडे आला तर पुढे ढकलण्याआधी एकच करा. त्या आठवड्यात त्या ऑफिसातून कुठली फाइल सरकली, तेवढं विचारून बघा.

माझ्यापुरतं सांगतो. त्या पाइपलाइनची एमबी मागायचा अर्ज मी सोमवारी पालिकेत दिला. वीस वर्षं उशीर झालाय. कागद शिल्लक असेल की नाही, बघू. पोच घेतली आहे.